पहिल्या खिळ्यावरचा फोन

१

पुष्पावतीने कुणाला तरी उत्तर दिलं होतं. पण ज्याला उत्तर दिलं, ते बोलणंच पानावर नव्हतं.

'ह्ये काय टिकायचं न्हाई, आत्ताच सांगते,' एवढीच तिची ओळ. त्या ओळीच्या वर तिचा नवरा रामहरी याने लिहिलं होतं, की ऊस ओला आहे, मोळ्या जड होताहेत. खाली कुणीतरी विचारलं होतं, सरपणाला कोण येतंय. मग टिकणार नव्हतं ते काय? ओला ऊस? सरपण?

कोपरगावातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून फरहीन ते पान तिसऱ्यांदा वाचत होती. मोबाईल पुष्पावतीचा. आत खाटेवर रामहरी, गुडघ्यापासून खाली पाय नसलेला. आणि व्हरांड्याच्या टोकाला, आत जायचा धीर न होऊन उभा असलेला फैयाज, फरहीनचा धाकटा भाऊ.

ट्रॅक्टर फैयाज चालवत होता. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. कालव्याच्या चढावर मागची ट्रॉली जोडणारी पिन तुटली, ट्रॉली उलट घरंगळली आणि पलटी झाली. मागून चालत येणारा रामहरी मोळ्यांखाली सापडला. ड्रायव्हरने झटका दिला, म्हणून पिन तुटली, असं सगळी ऊसतोड टोळी म्हणत होती. पिनेचे तुकडे कालव्याच्या पाण्यात गेले. फैयाजचा परवाना जमा झाला होता आणि सोमवारी ठाण्यात टोळीचे जबाब होणार होते.

"आपा, त्या चढावर मी झोपेतसुद्धा झटका देणार नाही," फैयाज एवढंच म्हणाला होता. "पिन झिजली म्हणून मुकादमाला सांगितलंही होतं. आदल्या दिवशी मी कारखान्यावर ऊस उतरवायच्या नंबरात अडकलो होतो. सकाळी आलो तर ट्रॉली जोडून तयार. मला वाटलं, नवी पिन आली."

फरहीनने पान तळाशी नेलं आणि थांबली. तिथे खूण होती: एक ओळ काढली. पुष्पावती.

हा 'पानमळा', म्हणजे मोबाईलवरची ही सगळ्यांची वही, फरहीननेच उभा केलेला. ती कोपरगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. जामखेडकडून दर हंगामाला येणाऱ्या या टोळीने आपलं आपण लिहावं, एकमेकांच्या लिहिण्यात भर घालावी, म्हणून तिने ही सोय त्यांच्या मोबाईलवर बसवून दिली. यात मधोमध बसलेला कुठला मोठा संगणक नाही, मालक नाही. प्रत्येकाच्या मोबाईलवर प्रत्येक पानाची आपली प्रत. दोन मोबाईल जवळ आले, की एकाने दुसऱ्याचं पान मागून घ्यायचं. रेंज असो वा नसो. पण दुसऱ्याची प्रत लांबून बदलता येत नाही. ओळ कुणाच्या मोबाईलवर काढली, केव्हा, आणि पान कोण घेऊन गेलं, याचा माग तळाशी राहतो. स्वस्तातल्या मोबाईलमध्ये जागा कमी, म्हणून काढलेली ओळ किंवा ती लिहिणाऱ्याचं नाव साठत नाही. खूण तेवढी उरते.

'एकाने खोडलं तरी बाकीच्यांकडे राहतंच,' असं तिने पहिल्याच दिवशी टोळीला छातीठोकपणे सांगितलं होतं.

"पुष्पाताई, ही ओळ तुम्ही काढलीत?"

"कंची?" पुष्पावतीने मोबाईलकडे पाहिलंही नाही. "म्या कशाला काडू? मला तर काडता बी येत न्हाई."

"मग हे 'टिकायचं न्हाई' कशाला म्हणालात?"

पुष्पावती वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिली. "म्हनले आसंन कशाला तरी. म्याडम, माजी लेक तिकडं केशरबाईपाशी हाय. तिची येनी कोन घालतंय, ती जेवली का, ह्ये बी मला ठावं न्हाई. त्या दिशी अंगावरच्या कपड्यानिशी आले, मोबाईल सुदिक दुसऱ्या दिशी सांजच्याला हातात पडला. वळी कुठं ध्यानात ठिवू?"

फरहीनने जास्त ताणलं नाही. एकीने खोडलं असेल, तर बाकी आठ मोबाईल होतेच.

त्या संध्याकाळी ती टोळीच्या थळावर, म्हणजे उसाच्या फडाशेजारी जिथे त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या होत्या तिथे गेली आणि एकेकाला विचारून प्रत्येकाचं पान आपल्याकडे घेतलं. ओळ कुठेच नव्हती. आणि प्रत्येक पानाच्या मागात काढणाऱ्याचं नाव वेगळं होतं: ज्याचा मोबाईल, त्याचं.

म्हणजे सगळ्यांनी. आपापल्या हाताने. आणि सगळे म्हणत होते, आम्ही नाही, आणि ओळ काय होती तेही आठवत नाही.

२

"एक झालेत आपा ते," फैयाज म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो थळापासून लांब, बांधावर बसला होता. "एका गावचे, एका भावकीचे. मी बाहेरचा. माझ्यावर ढकललं की मोकळे."

फरहीनला ते खरं वाटलं आणि लगेच स्वतःचीच शंका आली. भावासाठी उत्तर शोधायला निघालेल्या माणसाला हवं ते उत्तर लवकर सापडतं. प्रयोगशाळेत ती मुलांना हेच सांगायची: आकडा मनासारखा आला, की आधी उपकरण तपासा.

मुकादम सूर्यभान मोटारसायकलवर टेकून तंबाखू मळत होता. थळावर दुपारच्या भाकरीला येणारा तो एकटाच. बाकी सगळे फडातच खात.

"म्याडम, तुमचा त्यो पानमळा आपल्या मोबाईलात न्हाई. आपल्याला कुठं येळ हाय वाचाय-लिवायला? कोन काय लिवतंय आन कोन काय खोडतंय, आपल्याला काय बी घेनं न्हाई."

"फैयाजने पिन बदलायला सांगितलं होतं तुम्हाला?"

"ड्रायव्हर लोक रोजच कायतरी सांगत्यात. आज टायर, उंद्या पिन. झटका दिला, तुटली. लोखंडच हाय ते, त्याला काय काळीज आसतं व्हय?"

ट्रॉली जोडणारा गहिनीनाथ मोळ्या रचत होता. विशी ओलांडलेला, अंगाने दणकट. प्रश्न विचारला तेव्हा त्याने मोळी खाली ठेवली नाही.

"झटका बसला, तुटली," तो म्हणाला. मग मोळी ट्रॉलीवर फेकली आणि पाठ फिरवली.

अंधार पडायच्या बेताला कोप्यांपुढे गलका झाला. गहिनीनाथची आई केशरबाई मोबाईल वाटत होती. थळावर विजेची एकच तार, मुकादमाच्या कोपीपर्यंत आलेली. तिथे एक फळी टांगलेली. फळीला ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला कापडी पिशवीत एकेक मोबाईल. सकाळी फडात जाताना सगळे मोबाईल तिथे अडकवून जात. वयामुळे केशरबाईच्या हातून आता कोयता चालत नव्हता. ती मागे राहून लेकरं सांभाळायची आणि मोबाईलही.

"राजेश्वरे, तुज्या भनीचा फोन आल्ता. तिला म्हनलं, ती फडात हाय, सांजच्याला करंन. आन गोरक्षनाथा, तुजी बायकू लई रागात हाय बाबा! काय केलंस रं?"

"मावशे, तू उचललास कशाला?"

"न उचलून? चारदा वाजला, बारकी पोरं निजली हुती!"

सगळे हसले. पुष्पावतीची लेक केशरबाईच्या पदराला धरून उभी होती. तिची वेणी घट्ट, तेल लावून घातलेली.

फरहीनने विचारलं, "मावशी, तुम्ही अजून लिहिता का पानमळ्यात?"

"लिवते की. बोलते त्याच्या फुडं. पर ह्यो मोबाईल लई खुळा. म्या म्हनते भाकरी, त्यो लिवतो भलतंच. मग बसते काडत." तिने पहिल्या खिळ्यावरच्या तांबड्या पिशवीतून आपला मोबाईल काढला आणि कमरेला खोचला. "तूच शिकवलंस न्हवं, बोट दाबून धरायचं?"

"शिकवलं होतं खरं," फरहीन म्हणाली.

घरी परतताना मात्र तिच्या डोक्यात दुसरंच वाक्य घोळत होतं, दवाखान्यात ऐकलेलं, आणि तेव्हा तिने ते सोडून दिलं होतं.

३

मोबाईल सुदिक दुसऱ्या दिशी सांजच्याला हातात पडला.

टेबलावर नऊ पानांचे माग शेजारी शेजारी मांडून फरहीन बसली. पुष्पावतीच्या मोबाईलवरून ओळ काढली गेली ती अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. त्या दुपारी पुष्पावती रामहरीच्या उशाशी होती आणि तिचा मोबाईल थळावर. बाकीच्यांच्या ओळीही त्याच दुपारी गेल्या होत्या. तेव्हा बाकीचे कुठे होते? फडात, हातात कोयता. मोबाईल कुठे होते?

फळीवर.

नऊ जणांनी काही केलेलं नव्हतं. एकच माणूस फळीपुढे उभा राहिला होता आणि एकेका पिशवीत हात घालत पुढे सरकला होता. कुलूप कुठल्याच मोबाईलला नव्हतं. घरचा फोन आला तर केशरबाईला उचलता यावा म्हणून सगळ्यांनीच ते काढलेलं. मालक नसलेल्या पानांच्या नऊ प्रती तिने नऊ माणसांकडे दिल्या होत्या, पण दिवसभर त्या एका फळीवर टांगलेल्या असत. पहिल्या दिवसाचं छातीठोक बोलणं तिला आठवलं.

दुपारी थळावर येतो तो मुकादम. पिन बदलायला ज्याला सांगितलं होतं, तोही मुकादम. आकडा अगदी मनासारखा आला होता.

म्हणून तिने उपकरण पुन्हा तपासलं. नऊ मागांतल्या वेळा एकाखाली एक लावल्या. ओळ आधी पुष्पावतीच्या मोबाईलवरून गेली, मग रामहरीच्या, मग राजेश्वरीच्या. अशी फळीवरच्या खिळ्यांच्याच क्रमाने शेवटपर्यंत. एकच मोबाईल क्रमात बसत नव्हता. पहिल्या खिळ्यावरचा. तो सगळ्यात शेवटी.

का, ते तिला उमगेना. पण मागात अजून एक नाव होतं, तिने आधी नीट न पाहिलेलं. ओळ लिहिली गेली त्या दिवशी, म्हणजे अपघाताच्या आदल्या संध्याकाळी, पान कुणीतरी घेऊन गेलं होतं: गनीभाई, घोडेगाव.

त्यांचा मोबाईल या फळीवर कधीच टांगलेला नव्हता.

४

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात माणूस शोधायचा म्हणजे हंबरण्यातून हाक ओळखायची. गनीभाई एका मुऱ्हा म्हशीचे दात एका गिऱ्हाइकाला दाखवत होते.

"फरहीन बेटा! म्हैस घेतेस? कॉलेजात बांध, पोरांपेक्षा जास्त ध्यान देऊन ऐकेल!"

"चाचा, तुम्ही थळावर गेला होतात ना?"

"जातोच. उसाचे वाढे आणायला, जनावरांना. केशरबाईकडे चहा होतो, गप्पा होतात. तिने त्या दिवशी मोबाईल नाकापुढे धरला, म्हणाली, माझ्या पोराचं काय लिहिलंय ते न्या आणि बाजारात चारचौघांना दाखवा. म्हटलं, नेतो. दाखवायचं राहूनच गेलं."

त्यांनी मोबाईल बंडीच्या खिशातून काढून दिला. फरहीनने पान उघडलं. रामहरीचा ओला ऊस. खाली पुष्पावतीचं 'ह्ये काय टिकायचं न्हाई'. आणि दोन्हींच्या मध्ये, कुणी हात न लावलेली, केशरबाईची ओळ:

'मुकादमानं आज बी नवी पिन आनली न्हाई. फैयाज कारखान्यावर हाय, त्याला ठावं बी न्हाई. माज्या गहिनीनाथानं सळईचा तुकडा वाकवून बसवला, न्हाई तर उंद्या गाडी निघालीच नसती. लई डोकं हाय माज्या पोराला.'

गिऱ्हाईक म्हशीची किंमत पाडत होतं. फरहीनने ती ओळ पुन्हा वाचली. फैयाज सुटला होता. बोटाच्या एका दाबाने पान तिच्याकडे आलं असतं.

"नेतेस का पान?" गनीभाईंनी विचारलं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "पण ते सांभाळा, चाचा. मोबाईल कुणाकडे देऊ नका."

५

ती थळावर पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. केशरबाई फळीखाली बसून पुष्पावतीच्या लेकीला गुळाचा खडा देत होती. फरहीन तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"मावशी, पिन नव्हतीच ती. सळई होती."

केशरबाईचा हात थांबला. "सूर्यभान बोलला?"

"त्यांना ती ओळ लिहिलेली होती हेच माहीत नाही. त्यांच्याकडे पानमळा नाही. जी ओळ आपण वाचलीच नाही ती शोधून नऊ मोबाईलांमधून कोण काढेल? आणि वेळा लागोपाठच्या आहेत, काढणाऱ्याचा हात सराईत होता. मुकादमांना मी कधी शिकवलं नाही. तुम्हाला शिकवलं."

केशरबाईने गुळाची पुरचुंडी बांधली.

"तरी माझी खात्री होत नव्हती. काढणारा दुसऱ्या खिळ्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत गेला आणि मग पहिल्यावर परत आला. असं कोण करेल? मग गनीभाईंच्या मोबाईलवर ती ओळ वाचली." फरहीनचा आवाज खाली आला. "दुसऱ्यांच्या मोबाईलमधलं पोराचं कौतुक तुम्ही पुसलंत. स्वतःच्या मोबाईलमधलं पुसायला हात होईना. म्हणून तो शेवटी."

लेकरू गूळ चघळत दोघींकडे बघत होतं. केशरबाईने त्याला उचलून पलीकडे बसवलं.

"पुष्पीला बी ठावं हाय," ती म्हणाली. "तिनं त्वांड उघडलं न्हाई, कारन तिची लेक माज्यापाशी. म्या तिला दम न्हाई दिला. तिचं तिनंच वळखलं." मग तिने मान वर केली. "तू तुज्या भावासाठी आलीस. म्या माज्या पोरासाठी केलं. फरक काय गं त्यात?"

या प्रश्नाची तयारी फरहीन घोडेगावपासून करत आली होती.

"फरक नाही," ती म्हणाली. "म्हणूनच ते पान मी अजून घेतलेलं नाही. नुसतं वाचलंय. सोमवारी लागलं तर घेईन. माझा भाऊ आहे तो. पण ती ओळ तुमची आहे, मावशी. तुमच्या हातून परत आली तर बरं. त्या ओळीत गहिनीनाथ एकटा नाही. पिन न आणणारा मुकादमही आहे."

"मुकादमाला कोन काय म्हनतंय? पाप खालच्याच्याच माथी येतं."

"येतं. आत्ता फैयाजच्या माथी आलंय."

फडाकडून माणसं परतत होती. सगळ्यांच्या पुढे गहिनीनाथ. त्याने शेवटची दोन-चार वाक्यं ऐकली होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कोयता त्याने कोपीच्या कुडात खोचला, फळीशी आला आणि आपल्या पिशवीत हात घातला.

"गहिन्या, नगं," आई म्हणाली.

"आये, रामहरीमामाचा पाय गेला." त्याने मोबाईल बाहेर काढला. "आन फैयाजभाई रोज त्या बांधावर येऊन बसतोय. मला फडात जाताना त्याच्या फुडूनच जावं लागतंय."

तो उभ्या उभ्या टाईप करत राहिला. मावळतीच्या उजेडात त्याचा अंगठा हळूहळू चालत होता. टोळी भोवती जमली होती. काय चाललंय ते कुणी विचारलं नाही. झाल्यावर त्याने मोबाईल राजेश्वरीपुढे धरला. "वैनी, पान घे."

राजेश्वरीने घेतलं, वाचलं: 'पिन न्हवती, सळई हुती. म्या बसवली. फैयाजभाईला सांगितलं न्हाई.' तिने ओठ दाबले आणि खाली स्वतःची ओळ घातली: 'फैयाजनं मुकादमाला दोनदा पिन मागितली. म्या तितंच भांडी घाशीत हुते.'

मोटारसायकलपाशी उभा असलेला सूर्यभान ओरडला, "ए राजे, काय लिवलंस गं माज्याबद्दल?"

"तुमच्या मोबाईलात पानमळा न्हाई न्हवं? मग तुमाला काय घेनं?"

हसू उसळलं आणि लगेच विरलं. मग गोरक्षनाथने पान मागून घेतलं, मग आणखी कुणीतरी. या वेळी प्रत्येकाने आपल्या हाताने घेतलं. सोमवारी ठाण्यात काय होईल, हे फरहीनला सांगता आलं नसतं. गहिनीनाथला काही सोसावं लागणार, हे नक्की होतं. पण आता जो कुणी विचारेल, त्याला सगळ्या टोळीकडून तेच ऐकावं लागणार होतं, मुकादमाने पिन न आणल्याचंही.

केशरबाई उठली. तिने तांबड्या पिशवीतून मोबाईल काढला, तोंडाजवळ धरला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत ती जुनी ओळ पुन्हा सांगितली. मुकादम, फैयाज, सळई, सगळं. शेवटच्या वाक्यापाशी ती अडली. मग तेही म्हणाली, "लई डोकं हाय माज्या पोराला," आणि पदराने डोळे पुसले. पुष्पावतीच्या उत्तराच्या वर ओळ पुन्हा जागच्या जागी बसली.

बांधावर फैयाज उठून उभा राहिला होता. गहिनीनाथ त्याच्याकडे चालू लागला, तशी केशरबाईने मागून हाक मारली आणि मोबाईलसकट तांबडी पिशवी त्याच्या हातात कोंबली.

"फैयाजला दे. म्हनावं, तुज्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ह्येला चार्ज करीत जा, आन तुज्यापाशीच ठिव."

"आन तुला गं?"

"ह्यो फोन आता फळीवर नगं," केशरबाई म्हणाली. "माजा मलाच भरोसा न्हाई."